कुलपाला आलेलं बिल

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. विजेचा. नावं ठेवायची असतील तर आत्ताच ठेवून घ्या, कारण एकदा मी बोलायला लागलो की मधे कोणी बोललेलं मला चालणार नाही. इतकी वर्षं जिन्याखाली तोंड बंद करून लटकलोय. आता पुरे!

भुसावळला कौतिकभाऊंच्या घराच्या जिन्याखाली एका लाकडी फळीवर माझं बिऱ्हाड आहे. माझ्या शेजारी अगदी माझ्यासारखाच दिसणारा दुसरा मीटर. मी खालच्या मजल्याचा. खाली राहतात कौतिकभाऊ, त्यांची बायको लताबाई आणि कौतिकभाऊंचे वडील, म्हणजे आबा. शेजारचा मीटर वरच्या मजल्याचा. वर राहतात कापडदुकानवाले पारसमलशेठ आणि त्यांची बायको कुसुमलता. निदान कोणता मीटर कोणाचा हे कागदावर तरी असंच आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे माझी कसून परीक्षा घेतली. कमी मोजतो का, जास्त मोजतो का, सगळं तपासलं आणि मी पहिल्याच फटक्यात पास झालो. मग माझ्या तोंडाला सील ठोकलं. बघा हं, बाळ जन्मलं की लोक त्याच्या तोंडाला मध लावतात, आणि मला सील! मला बोलायला ठेवलाय फक्त एक लाल दिवा. घरात वीज जास्त वापरली की तो भराभर लुकलुकतो, कमी वापरली की सावकाश. हीच माझी भाषा. ती वाचायला कोणी जिन्याखाली वाकेल तर शपथ.

म्हणायला माझा मानही आहे. दर महिन्याला एक माणूस येतो, मोबाईल रोखून माझा फोटो काढतो आणि तो बिलावर छापून येतो. घरात कोणाचा निघत नसेल इतक्या नेमाने माझा फोटो निघतो! पण तो हातात आला की घरातल्यांचं तोंड कडू होतं. एरवी माझ्या खाली केरसुणी, माझ्या खिळ्याला सायकलचा पंप, आणि माझ्या पाठीमागे पालीने घातलेली अंडी. असा माझा थाट.

तरी पहिली काही वर्षं बरी गेली. घोटाळा झाला तो डिंपलच्या लग्नात.

डिंपल म्हणजे लताबाईंची मुलगी. लग्न घरासमोर मांडव घालून होतं, म्हणून जिन्याखालच्या भिंतीला रंग द्यायचं ठरलं. रंगाऱ्याला आम्ही मधे नको होतो. मग भटू वायरमनला बोलावलं. आमच्यातून निघून घरांकडे जाणाऱ्या वायरी त्याने सोडवल्या. सोडवताना मात्र त्याने फार हुशारी केली. कोणती वायर खालची आणि कोणती वरची हे विसरू नये म्हणून त्याने खडूने खूण केली.

कुठे केली? भिंतीवर!

ज्या भिंतीला रंग द्यायचा होता, त्याच भिंतीवर! मला तेव्हाच कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं, पण मला कपाळच नाही, नुसती काच आहे.

रंगाऱ्याने खडूवर छान पोपटी रंग फासला. तेवढ्यात मांडवातून हाक आली, "चला रे, पंगत बसली, बट्टी गरम शे तवर या!" वरण-बट्टीचा वास जिन्याखाली आला आणि भटूने त्या वासातच वायरी जोडल्या, उलट्यासुलट्या. खालच्या घराची वायर शेजारच्या मीटरला आणि वरच्या घराची मला. हात पुसत तो पंगतीला पळाला. दिवे दोन्ही घरांत लागले. कोणाला काय कळणार?

तेव्हापासून वर मिक्सर फिरला की माझा दिवा नाचायचा. मी मोजत होतो बरोबर, अगदी बरोबर, पण मोजत होतो पारसमलशेठांची वीज आणि बिल जात होतं लताबाईंच्या हातात.

लताबाई काटकसरी बाई. बिल वाढलं तशी त्यांनी कंबर कसली. दिवसा दिवा नको. इस्त्री आठवड्यातून एकदा. फ्रीज रात्री बंद. खोलीतून कोणी बाहेर पडलं की मागून त्या बटण बंद करत हिंडायच्या. एकदा कौतिकभाऊ आत असताना त्यांनी न्हाणीघराचा दिवा घालवला, तर आतून आवाज आला, "अगं, डोक्याले साबन लावेल हाये मी!"

आणि या सगळ्या काटकसरीने बिल कमी झालं का? झालं ना. वरचं!

कुसुमलता जिन्यात भेटल्या की भोळेपणाने सांगायच्या, "लताबाई, आमचं बिल तर हल्ली कमीच येतं, भगवान की दया. म्हणून मी पाणी तापवायचा गीझर लावून घेतला." आणि दुसऱ्या दिवसापासून त्या गीझरने माझा जीव तापायचा.

लताबाई माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या. "हा मेला पयतो," म्हणायच्या. "नुसता घोड्यासारखा पयतो!"

मी पळतो? मित्रांनो, मला पाय आहेत का? त्यांनी तक्रार केली, माणूस आला, त्याने मला यंत्र लावून तपासलं आणि म्हणाला, "मीटर एकदम बरोबर आहे." मी दुसऱ्यांदा पास झालो आणि दुसऱ्यांदा कोणी पेढे वाटले नाहीत. उलट लताबाईंनी जाता जाता माझ्या फळीला केरसुणीचा दांडा मारला.

आता मुख्य गोष्ट. घरात आबांचा एक कूलर होता. पत्र्याचा, निळा, चार माणसांनी उचलावा असा. चालू केला की खर्र खर्र करायचा आणि थोड्या थोड्या वेळाने मधेच 'टिंग' असा आवाज काढायचा, कारण त्याच्या पंख्याचं एक पातं वाकलेलं होतं. आबा रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हा त्यांनी तो हौसेने बनवून घेतला होता. भुसावळचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. म्हाताऱ्या माणसाला त्या दिवसांत कूलर म्हणजे चैन नव्हे, औषध.

पण यंदा मार्चचं बिल आलं आणि लताबाईंचा धीर सुटला. त्यांना वाटलं, एवढं सगळं बंद केलं तरी बिल उतरत नाही, म्हणजे वीज खातोय तो हा कूलरच. त्या वर जाऊन म्हणाल्या, "भाभी, आमचा कूलर तुमीच वापरा. तुमचं बिल कमी येतं. आमाले नाही परवडत."

कूलर जिन्यावरून वर गेला. माझ्या डोळ्यांदेखत गेला! वर नेऊन त्यांनी बटण दाबलं, खर्र खर्र, टिंग, आणि माझा दिवा असा लुकलुकायला लागला की शेजारचा मीटरही माझ्याकडे दयेने बघू लागला. लताबाईंचा कूलर, लताबाईंचं बिल आणि वारा वर! मी ओरडत होतो, लाल दिव्याने जीव तोडून ओरडत होतो. लताबाई माझ्यासमोरून केरसुणी घेऊन गेल्या.

खाली आबा ओला टॉवेल अंगावर घेऊन पडायचे. एप्रिलमध्ये एका दुपारी त्यांना उठताना भोवळ आली. ऊन लागलं होतं. कैरीचं पन्हं दिलं, डॉक्टर आणला, निभावलं. संध्याकाळी आबांनी पिशवी भरली.

"कुठी चालले आबा?" लताबाईंनी विचारलं.

"बोदवडले, तुह्या ननंदेकडे. तिच्या अंगनात निंब हाये. इथं मी पापडासारखा भाजू राह्यलो."

"आबा, लोक काय म्हनतीन मले? सासऱ्याले घरात वारा देत नाही म्हनतीन."

"तुह्यावर राग नाही व पोरी," आबा म्हणाले. "पन जीव ऱ्हायला तर घर." आणि ते गेले.

त्या रात्री लताबाई जिन्याच्या पायरीवर एकट्याच बसल्या होत्या. डोळ्यांना पदर लावून. मग उठल्या आणि कौतिकभाऊंना म्हणाल्या, "मे महिना आपनबी बोदवडले राहू. घरातला मेन बंद करू, कुलूप लावू. या बारीला बिल कमीच येईन. आलं का लगेच कूलर खाली आनू न् आबाइले घरी घिऊन येऊ."

घराला कुलूप लागलं. अख्खा मे महिना शेजारचा मीटर ढिम्म, एकदाही लुकलुकला नाही. आणि मी? वर पाहुणे आले होते. कूलर दिवसरात्र, गीझर बंद पण आईस्क्रीमसाठी नवा मोठा फ्रीज! मित्रांनो, मी जन्मात इतकं मोजलं नव्हतं.

जूनमध्ये लताबाई आणि कौतिकभाऊ परत आले. आबा बोदवडलाच थांबले होते, बिलाची बातमी ऐकायला. बिल दाराच्या कडीला खोचलेलं होतं. कौतिकभाऊंनी आत जाऊन मेन चालू केला, पंखा लावला. बाहेर लताबाईंनी बिल उघडलं.

आतापर्यंतचं सगळ्यात मोठं.

"कुलपाले बिल येतं का व माय?" त्या इतक्या जोरात ओरडल्या की पालसुद्धा माझ्या मागून पळाली. "आमी इथं नाही, आमची सावली इथं नाही, न् हा मेला एकटाच पयतो! थांब, तुले बंदच करतो!"

आणि आजवर ज्याला कोणी भीतीने हात लावला नव्हता, तो माझ्या खालचा स्विच त्यांनी खाटकन खाली पाडला.

खर्र खर्र, टिंग... वरचा आवाज थांबला.

सगळं शांत. मग वरून कुसुमलतांची हाक आली, "लताबाई, ओ लताबाई! आमची लाईट गेली. तुमची आहे का?"

लताबाईंनी दारातून आत बघितलं. पंखा गरगर फिरत होता.

त्यांनी स्विच वर केला. खर्र खर्र. खाली पाडला. शांत. वर. खाली. वर. कौतिकभाऊ बाहेर येऊन तोंड उघडं टाकून उभे होते. शेवटी लताबाई माझ्याकडे वळल्या आणि वाकल्या. पहिल्यांदा वाकल्या! माझा लाल दिवा बघत हळूच म्हणाल्या, "मंजे तू खोटा नव्हता रे."

मित्रांनो, सील नसतं तर मी रडलो असतो.

कुसुमलता धावत खाली आल्या. सगळं कळल्यावर त्यांनी लताबाईंचे दोन्ही हात धरले. "अहो, म्हणजे तुमची सगळी काटकसर मीच खाल्ली की! आणि आबांचा वारासुद्धा." त्या खरंच रडल्या. पारसमलशेठ म्हणाले, "तुमचे पैसे मी मागून पै-पै चुकते करतो, ते राहू द्या. आधी कूलर खाली." आणि दुकानात एक गठ्ठा न उचलणारे शेठ स्वतः कूलरचा पाय धरून जिना उतरले. भटू आला, वायरी जागच्या जागी जोडल्या. वर म्हणतो कसा, "मी तर खून केली होती. रंगाऱ्यानं पुसली, त्याले मी काय करू?"

दुसऱ्या दिवशी आबा आले. पिशवी ठेवायच्या आधी जिन्याखाली आले आणि उपरण्याने माझी काच पुसली. आत कूलर सुरू झाला, खर्र खर्र, टिंग. माझा दिवा पळायला लागला. हो, पळायला! त्या वेळी मला तो शब्द अजिबात लागला नाही.

तर मित्रांनो, माझं एवढंच ऐका. बिल आलं की आम्हाला शिव्या देण्याआधी जिन्याखाली या. घरातलं एकूण एक बटण बंद करा आणि तुमच्या मीटरचा दिवा थांबतो का ते बघा. थांबला नाही तर काटकसर करू नका, चौकशी करा. नाहीतर तुम्ही अंधारात बसाल आणि उजेड भलत्याच घरात पडेल. आणि अधूनमधून आमची काच पुसा. आम्हाला तेवढाच एक चेहरा आहे.

हे सगळं आजच सांगण्याचं कारण आहे. डिंपलच्या बाळाचं जावळ आहे. घरात पुन्हा पाहुणे, पुन्हा वरण-बट्टी, आणि भिंतीला पुन्हा रंग! भटू आत्ताच आलाय. त्याने खिशात हात घातलाय आणि... खडू! मित्रांनो, खडूच काढला त्याने!

पण आबांनी माझ्या पुढ्यात खुर्ची टाकली आहे. काठी आडवी धरली आहे. मांडवातून हाका येताहेत आणि आबा तिथूनच ओरडताहेत, "माहं ताट इथंच आना! हे जोडून होये तवर मी नाही उठत!"