ढब्बूची पाठपिशवी

मी एक जुनी पाठपिशवी आहे, मित्रांनो. पण मला दप्तर समजू नका. माझ्यात पुस्तकं कधी बसली नाहीत, मुलं बसली. चालून दमलेल्या लहान मुलाला आईनं किंवा बाबांनी पाठीवर घेऊन हिंडावं, यासाठी मला शिवलं गेलं.

माझं कापड निळं आणि जाडजूड. ज्या बाईंनी मला शिवलं, त्या प्रत्येक शिवण दोन्ही हातांनी ताणून बघायच्या, आणि मनाजोगती नसली की सगळी उसवून पुन्हा घालायच्या. शेजारच्या मशीनवरच्या बाया त्यांना हसायच्या. त्या म्हणायच्या, यात कुणाचंतरी पोर बसणार आहे, बटाटे नाही.

एका दुकानातून मला एका जोडप्यानं घरी आणलं. त्यांची मुलगी तेव्हा नुकती बसायला लागली होती. तिचं नाव काहीही असो, घरात सगळे तिला मिठू म्हणत, कारण बोलता यायला लागल्यापासून तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. बाबांच्या पाठीवर बसून ती त्यांच्या कानात अखंड बडबडायची. झाडं, कुत्री, लोकांच्या चपला, दिसेल त्याची बातमी द्यायची. बाबा हसून म्हणायचे, माझ्या मानेवर रेडिओ बसवलाय. पुढे ती मोठी झाली आणि तिचा भाऊ आला. गुबगुबीत म्हणून तो ढब्बू. मिठूनं मोठ्या मनानं मला त्याच्या हवाली केलं. पट्टा कसा लावायचा ते तिनंच त्याला समजावलं. त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण तो खूष होता.

आता त्या दिवसाचं सांगते.

सुट्टीचा दिवस होता. सगळे सकाळी लवकर गाडीतून डोंगरावर निघाले. वळणावळणाच्या रस्त्यावर मिठूला मळमळलं, दोनदा गाडी थांबवावी लागली. पायथ्याशी गाडी लावून पायवाटेनं चढायचं होतं. ढब्बू माझ्यात बसला, मी बाबांच्या पाठीवर, पुढे मिठू, मागे आई. ढब्बूनं केळं खाऊन चिकट हात बाबांच्या केसांना पुसले आणि आई मागून हसत राहिली. हे हसणं मी शेवटचं ऐकतेय, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

वर माळासारखी सपाट जागा होती, एका बाजूला कडा. गार वारा सुटला होता. ढब्बूची टोपी गाडीतच राहिली, असं आईच्या लक्षात आलं आणि टोपी आणायला ती खाली गेली. बाबांचे खांदे भरून आले होते. त्यांनी माझे पट्टे सोडले, ढब्बूला खाली उतरवलं आणि मला एका दगडाला टेकवलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ऑफिसचा होता. आवाज नीट येईना, म्हणून ते कड्यापासून लांब, झाडांच्या पलीकडे गेले. जाताजाता म्हणाले, “मिठू, भावाकडे बघ गं जरा. आलोच मी.”

ते लगेच आले नाहीत. झाडांपलीकडून त्यांचा आवाज येत होता. आकडे, तारखा, मधेच हसणं.

मिठू तेव्हा सहा वर्षांची होती. तिनं खरंच बघितलं. ढब्बूचा हात धरून बसली, त्यानं तो सोडवून घेतला. मग ती त्याच्यासाठी दगडांचं घर बांधू लागली, म्हणजे तो एका जागी बसेल. चांगला चपटा दगड शोधायला तिनं मान खाली घातली. ढब्बू उठला आणि गवतातून पळत सुटला. गवत उंच होतं. जिथे ते संपल्यासारखं दिसत होतं, तिथे जमीनच संपत होती.

मी बघत होते. मला तोंड नाही, मित्रांनो.

मिठूच्या किंकाळीनं बाबा धावत आले. आई टोपी घेऊन वर पोचली, तेव्हा कड्याखालून माणसांचे आवाज येऊ लागले होते. ढब्बू कुठे आहे, एवढंच तिनं विचारलं. बाबा मिठूकडे वळले.

“तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं ना?”

ढब्बू घरी परत आला नाही. परतीच्या वाटेवर मी गाडीत मागच्या सीटवर रिकामी होते आणि मिठू माझा पट्टा मुठीत धरून बसली होती.

नंतर बरेच दिवस घरात माणसं येत राहिली. मी बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात पडून होते. येणाऱ्या प्रत्येकाला बाबा तेच सांगत. मुलीला सांगितलं होतं, पण लहान आहे, तिचं लक्ष नव्हतं. माणसं चुकचुकत आणि मिठूच्या डोक्यावरून हात फिरवत. फोनचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आईलाही नाही.

मिठूचं बोलणं आटलं. शाळेतून आली की ती खोलीत जायची. मला माळ्यावर टाकलं, तरी अधूनमधून ती स्टुलावर चढून मला खाली काढायची, माझे पट्टे लावायची, सोडायची, ओढून बघायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. आई एकदा दारात येऊन उभी राहिली आणि तशीच परत गेली.

वर्षं गेली. माझा निळा रंग धुळीनं राखाडी झाला. परवा शेजारची बाई बाळाला घेऊन आली. कुणीतरी तिला माझ्याबद्दल सांगितलं होतं. न वापरता पडून असेल तर द्याल का, असं तिनं संकोचत विचारलं. आईनं हो म्हटलं. मिठूनं मला माळ्यावरून काढलं, झटकलं, पुसलं. आता ती तेरा वर्षांची आहे. शेजारीण पट्टे बघायला वाकली आणि सहज बाळाला तिच्यापुढे करून म्हणाली, धर गं जरा.

मिठू दोन पावलं मागे सरली. “मला नका देऊ. माझं लक्ष नसतं.”

अगदी साध्या आवाजात बोलली, आपला पत्ता सांगावा तशी.

मग आई वळली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं बाबांना विचारलं, “तू कुठे होतास तेव्हा?”

“तिथेच होतो,” बाबा म्हणाले.

मिठूनं एकदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग माझा सुटलेला पट्टा गुंडाळला आणि मला शेजारणीच्या हातात दिलं.

आता मी त्या शेजारणीच्या बाळाला घेऊन हिंडते. माझ्या शिवणी अजून पक्क्या आहेत. मला जपा असं सांगायला मी बोलत नाहीये. कापड आहे, विरायचंच कधीतरी. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात एखादी मुलगी असेल, जी कुणाच्या धाकट्या भावंडाचा हात धरायला घाबरते, तिच्याशेजारी जाऊन बसा. सहा वर्षांच्या मुलीनं अडीच वर्षांच्या भावाला सांभाळायचं नसतं. त्या दोघांना सांभाळायला तिथे मोठं माणूस असावं लागतं. ते त्या दिवशी तिथे नव्हतं. एवढं तिला अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा.