धाकट्या बाजारातला भाव

दवाखान्यातला कंपाउंडर पैशापैशासाठी घासाघीस करणारा माणूस. एकच शेअर दोन बाजारांत मिळतो आणि धाकट्या बाजारात तो तीस पैशांनी स्वस्त पडतो, हे कळल्यावर स्वारी भलतीच खूश झाली. "माल तोच, दुकानं दोन. महागात घ्यायला मी काय वेडा आहे?" असं त्याने आपल्या ताईला ऐकवलंही.

पैसे ताईचे होते. नवरा गेल्यापासून अठरा वर्षं ती दिराच्या स्वयंपाकघरात गादी टाकून झोपत होती. शिवणकाम करून जमवलेल्या पैशांत तिला भाड्याची का होईना, स्वतःची खोली हवी होती. अनामत थोडी कमी पडत होती. तेवढी मी वाढवून देतो, असं भाऊ छातीठोकपणे म्हणाला आणि तिचे सगळे पैसे त्याने त्या शेअरमध्ये घातले. भाव नव्वदवर उतरला की शेअर आपोआप विकले जातील, अशी ऑर्डरही त्याने लावून ठेवली. शहाणपणात काही कमी नव्हतं.

आज दुपारी शेअर विकायचे आणि खोली ताब्यात घ्यायची, असं ठरलं होतं. ताई दिराचा निरोप घेऊन, पेटी उचलून थेट दवाखान्यात आली आणि बाकावर बसली. ज्या कंपनीचे शेअर घेतले होते तिच्या मालकाला त्याच सकाळी अटक झाली. कंपाउंडरने मोबाइल बघितला. भाव कालचाच, एकशे चार. लोक उगाच घाबरतात, असं म्हणत तो निवांतपणे गोळ्या मोजत राहिला.

दुपारी दलालाच्या ऑफिसातला कारकून पट्टी बदलायला आला. कंपाउंडरने मोठ्या ऐटीत मोबाइल त्याच्यापुढे धरला.

"हा धाकटा बाजार आहे," कारकून म्हणाला. "इथे आज एकही सौदा झालेला नाही. सौदाच नाही तर भाव हलणार कसा? आणि भाव हलला नाही तर तुमची ऑर्डर जागी कशी होणार?"

त्याने बोटाने मोठा बाजार उघडून दाखवला. त्र्याऐंशी. बाजाराच्या नियमाप्रमाणे आजच्यापुरता भाव याच्याखाली जाऊ शकत नव्हता.

"इथे विका मग," कंपाउंडर म्हणाला.

"सकाळी अर्धा तास घेणारे होते. तेव्हा नव्वदलाही गेले असते. आता लाखो शेअर विकायला लागलेत आणि घेणारा एक नाही."

ताई उठून जवळ आली. भावाकडे न बघता तिने कारकुनाला विचारलं, "उद्या येईल का कोणी घेणारा?"

"सांगता येत नाही, मावशी. आला तरी याहून खालीच मागेल."

कंपाउंडरला ताईला आपल्या घरी चल म्हणायचं होतं. घरात दोन खोल्या, पाच माणसं, आणि बायकोचा स्वभाव. तो पुन्हा गोळ्या मोजायला लागला. ताईने थोडा वेळ वाट बघितली. त्याला ते कळत होतं, आणि त्याची त्यालाच किळस आली.

तिने पेटी उचलली.

"निघते मी. दुपारचा स्वयंपाक आटपला असेल आता," ती म्हणाली. "त्यांनी माझी गादी अजून कोणाला दिली नसेल."