कालच्या कणकेचा गोळा

माझ्या नवऱ्याचं आणि त्याच्या धाकट्या भावाचं भांडण गव्हावरून पेटलं, असं सगळे म्हणतात. मला नाही पटत. हे दोघं पाळण्यापासून भांडतायत, गहू त्यांना नंतर सापडला.

नवरा बेकरीवाला, शिवाय शहरातल्या बेकरीवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष. दीर शास्त्रज्ञ. बियाण्यांच्या कंपनीत बसून गव्हाच्या जनुकांत काटछाट करतो. आणि दोघांच्या मधोमध आमची मुलगी. लहानपणी पिठाच्या पोत्यांभोवती घुटमळायची म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणायला लागलो, आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की हिला गहू चालत नाही. त्यातल्या प्रथिनानं तिचं आतडं आतून सोलवटतं. चिमूटभरही पोटात जाता कामा नये, तेही जन्मभर. बेकरीवाल्याच्या पोरीला! आता कॉलेज संपवून ती आमच्याच गल्ल्यावर बसते. दिवसभर गरम पाव कागदात गुंडाळून लोकांच्या हातात देते आणि दुपारी मागच्या खोलीत डब्यातला भात खाते. कधी कुरकुर नाही. पण भट्टीतून पहिली खेप निघाली की डोळे मिटून वास घेत उभी राहते. मला ते बघवत नाही.

एका रविवारी भाऊजी पिशवीभर पीठ घेऊन आले. नेहमीच्या पिठापेक्षा पिवळसर, हळदीचं बोट लागल्यासारखं. ते टेबलावर ठेवून म्हणाले, "वहिनी, मुंगीला बाधतं तेच ह्यातून काढून टाकलंय. दवाखान्यात तिच्यासारख्या आजाऱ्यांवर चाचण्या झाल्या, विकायची परवानगीही मिळाली. ह्याचा पाव ती खाऊ शकते."

नवऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या दुकानाच्या दारावर त्यानं स्वतः रंगवलेली पाटी आहे : 'आमच्या पावात प्रयोगशाळेचा गहू नाही.' त्या पाटीवर त्याचं अध्यक्षपद उभं आहे.

"माझ्या घरात हे पीठ आणायची हिंमत कशी झाली तुझी?"

"घरात कुणीतरी शिकलेलं असावं लागतं, म्हणून आणलं."

"शिकलास म्हणून देव झालास का रे? आज काढलंस एक, उद्या घालशील दुसरं. वीस वर्षांनी कुणाच्या पोटात काय होईल, सांगता येतं तुला?"

"तुला तुझ्या पावाचं सांगता येतं?"

"आणि ते बी कुणाचं? कंपनीचं! शेतकऱ्यानं ह्या वर्षीचे दाणे पुढच्या वर्षी पेरले तर चोर ठरतो. असलं अन्न असतं का कुठं?"

खरं होतं ते. माझा नवरा मूर्ख नाही, हीच तर पंचाईत आहे. तो अर्धा वेळ बरोबर असतो आणि उरलेला अर्धा वेळ त्याच्याच जोरावर रेटतो.

मी दोघांनाही खडसावलं. म्हटलं, तुमच्या कुस्तीत माझ्या पोरीला आखाडा करू नका. पण पोरगीच दारात उभी होती. म्हणाली, "मी खाणार. पण बाबांनी केला तरच."

तिच्या बापाचं तोंड बघण्यासारखं झालं. लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातचा पाव मागितला होता. नाही कसं म्हणणार?

मग साफसफाई सुरू झाली. नेहमीच्या पिठाचा कण राहिला तरी मुंगीला त्रास, म्हणून बेकरी एक दिवस बंद ठेवली. भिंती पुसल्या, पराती उकळत्या पाण्यानं धुतल्या, भट्टी आतून घासली, फडकी नवी आणली, लाकडी फळी तर फेकूनच दिली. नवऱ्यानं नखं कापली, अंघोळ केली, नवा एप्रन घातला. हा माणूस मुलीच्या पावासाठी किती राबतोय, हे बघून मलाच भरून आलं. हे मी कबूल करते, कारण पुढं त्याच्याबद्दल फार वाईट बोलायचं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं आणि एकट्यानं कणीक मळली. मळताना कुणी जवळ असलेलं त्याला कधीच खपत नाही.

पाव झाला. मुंगीनं तो दोन्ही हातांनी मोडला, वाफ तोंडावर घेतली आणि खाल्ला. एक अख्खा पाव, काही न लावता. रडत होती आणि हसतही होती. म्हणाली, "बाबा, वासासारखाच लागतो हो!" भाऊजी छाती फुगवून उभे होते, जणू पाव त्यांनीच भाजला. माझ्या नवऱ्यानं मात्र तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

संध्याकाळी मुंगी पोट धरून आडवी झाली. पुढचे दिवस मी तिच्या अंथरुणाशी बसून काढले. उलट्या, कळा, पाणीसुद्धा पोटात टिकेना. भाऊजींचा फोन आला तो तिची चौकशी करायला नव्हे. "वहिनी, पावाचा तुकडा उरलाय का? तपासायला हवा." मी फोन आपटला. आणि माझा नवरा? त्यानं पाटी आणखी मोठी करून घेतली. संघटनेची सभा बोलावली. शहराच्या गिरणीत तो पिवळा गहू दळू द्यायचा की नाही, ह्याचा फैसला करायला. माझ्या पोरीच्या कळा त्याला भाषणाला सापडल्या.

सभेच्या दिवशी मुंगी जरा उठून बसली, तेव्हा मी बऱ्याच दिवसांनी बेकरीत गेले. सकाळचा पाव विकून झाला होता, नवरा सभेची खुर्च्या-माईकची व्यवस्था बघायला गेला होता. मी मागची खोली आवरायला घेतली.

आमच्या बेकरीत विकतचं यीस्ट चालत नाही. सासूबाईंपासून एक चिनी मातीची बरणी आहे. तिच्यात कालच्या कणकेचा गोळा असतो. सकाळी नवरा त्यातला लचका तोडून नव्या कणकेत मिसळतो, आणि नवी कणीक मळून झाली की तिचा थोडा भाग परत बरणीत. रोज. पावाला चव येते ती त्यानं. हे तो करतो म्हणणंसुद्धा चूक आहे, त्याचा हातच ते करतो. बोलता बोलता, भांडता भांडता हात बरणीत जातो आणि बाहेर येतो.

बरणीवरचं फडकं काढलं आणि मी तिथंच बसले. गोळ्यात पिवळ्या रेघा होत्या. फिकट, पण स्पष्ट. आणि बरणीच्या गळ्याशी कणकेचा पिवळा थर वाळून चिकटलेला होता.

सगळं धुतलं होतं आम्ही. भिंतीसुद्धा. फक्त बरणी कुणाला आठवली नाही, कारण ती कुणाला वस्तू वाटतच नाही, घरातल्या माणसासारखी असते ती. मुंगीच्या पावात बापानं सवयीनं साध्या गव्हाचा लचका घातला होता. तिला बाधला तो तोच. आणि सवयीनंच पिवळ्या कणकेचा भाग परत बरणीत ठेवला होता.

नवरा आला. मी बरणी त्याच्यापुढं धरली. त्यानं आत पाहिलंही नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"दुसऱ्या दिवशी फडकं काढलं, तेव्हा दिसलं."

"आणि तरी भट्टी पेटवलीत?"

"आईचा गोळा आहे तो. फेकून देऊ?"

"अहो, पोरगी तिकडं तडफडत होती! सगळ्यांना सांगत सुटलात की पिवळ्या गव्हानं झालं."

तो बराच वेळ हात पुसत राहिला. कोरडे हात. मग म्हणाला, "सभेत सांगतो. आजच. माझ्या तोंडानं सांगू दे."

मी विश्वास ठेवला. चूक झाली म्हणत नाही, लग्न झालेल्या बाईला ठेवावाच लागतो.

सभागृह गच्च भरलं होतं. बेकरीवाले, गिरणीवाले, आमची रोजची गिऱ्हाइकं. भाऊजी कंपनीच्या दोन माणसांबरोबर पहिल्या रांगेत. मुंगीही हट्टानं आली होती, शाल गुंडाळून माझ्या शेजारी बसली होती. नवरा माईकसमोर उभा राहिला. सुरुवातीला अडखळला. मला वाटलं, आता सांगेल. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "अध्यक्ष, पोरगी कशी आहे?" आणि टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकल्या आणि माझ्या नवऱ्याचा कणा ताठ झाला.

"कशी आहे, ती बघा!" त्यानं मुंगीकडं बोट दाखवलं. "माझ्या लेकीच्या पोटात ह्यांनी आपला प्रयोग घातला! माझ्या ह्या हातांनी तो पाव भाजला म्हणून मला स्वतःची लाज वाटते!"

मुंगीनं मान खाली घातली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले. माईक-बिईक काही मागितला नाही, बेकरीत भट्टीवरून हाक मारायची सवय आहे मला.

"लाज वाटायलाच हवी," मी म्हटलं. "तिच्या कणकेत तुम्ही बरणीतला गोळा घातलात. साध्या गव्हाचा. पोरीला तो बाधला."

भाऊजी ताडकन उठले. चेहऱ्यावर असा आनंद, जणू पुतणी आजारी पडली ते सार्थकी लागलं. "ऐकलंत? आमच्या गव्हात काहीही दोष नाही! सिद्ध झालं!"

"काही सिद्ध झालेलं नाही भाऊजी, खाली बसा. एवढंच झालंय की माझा नवरा खोटं बोलला."

"बरणीत परत काय ठेवलं?" एका म्हाताऱ्या बेकरीवाल्यानं विचारलं. धंद्यातला माणूस, त्याच्या लगेच लक्षात आलं.

मी नवऱ्याकडं पाहिलं. सांगायची अजूनही त्याची वेळ होती. तो माईकच्या दांड्याकडं बघत राहिला.

"पिवळी कणीक," मी म्हटलं. "त्या दिवसापासून आमच्याकडचा प्रत्येक पाव त्याच गोळ्याचा आहे. पाटीखालून नेलेला."

मग जे झालं त्याला सभा म्हणत नाहीत. खुर्च्या पडल्या. आमची रोजची एक गिऱ्हाईक बाई, गर्भार, पोटावर हात ठेवून किंचाळत होती, "मला विचारलं का कुणी? मला विचारलं का?" कंपनीचा एक माणूस भाऊजींच्या कानाशी लागून म्हणाला, "एवढ्या लोकांनी खाल्लं आणि कुणाला काही झालं नाही, हे लिहून घ्या." भाऊजींनी खिशातून पेन काढलं. खरंच काढलं. मुंगीनं ते पाहिलं. कुणीतरी आमचाच पाव नवऱ्याच्या तोंडावर फेकून मारला. तो कपाळाला लागून खाली पडला आणि त्यानं सवयीनं वाकून उचलला.

दुसऱ्या दिवशी दुकानापुढं घोळका होता. नवऱ्यानं त्यांच्यासमोर बरणी गटारात पालथी केली. सासूबाईंचा गोळा सावकाश निसटला आणि बरणीच्या तोंडाशी चिकटून बसला, तेव्हा त्याला बोटांनी खरवडून काढावा लागला. लोक गेले. नंतर तो पायरीवर बसून हमसून हमसून रडला. मी जवळ गेले नाही. रडू दे म्हटलं.

भट्टी थंड होती. मुंगीनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. भाऊजींच्या पिशवीतलं उरलेलं पीठ, नवं पातेलं, आणि फक्त मी. मी म्हटलं, "कशाला पुन्हा? कुणाचं काय खरं, मला माहीत नाही गं." ती म्हणाली, "मलाही नाही. पण ह्या वेळी मी ठरवणार." भिजवलेलं पीठ ती झाकून ठेवायची, रोज बघायची. आपसूक बुडबुडे आले, तेव्हा तिनं घरच्या छोट्या ओव्हनमध्ये एक पाव भाजला. दगडासारखा झाला. तिनं खाल्ला. आम्ही वाट बघितली. संध्याकाळ झाली, सकाळ झाली, तिच्या पोटाला काही झालं नाही.

"चव नाही," ती म्हणाली.

"चव जुन्या गोळ्याची असते. ती यायला वेळ लागतो."

तिनं कणकेचा लचका तोडला आणि काचेच्या नव्या बरणीत ठेवला. तेवढ्यात दार वाजलं. मी उघडलं. नवरा उभा होता. कोपरापर्यंत हात धुतलेले, नखं कापलेली, अंगावर नवा एप्रन. त्यानं बरणीकडं पाहिलं आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला.

"उद्याची कणीक मी मळू का?" त्यानं विचारलं. "तुझ्यासमोर मळतो. तू बघत राहा."

मुंगीनं बरणीवर तळहात ठेवला, झाकणासारखा.

"नको, बाबा," ती म्हणाली, आणि बरणी उचलून आपल्या खोलीत घेऊन गेली.