बोटभर बाहेर

थप्.

त्या आवाजानं घरातली शांतता मोडली, तेव्हा कॉरीननं ओळखलं, डेल उठलाय. रविवारची सकाळ, आणि तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून डाव्या हातातल्या जुन्या ग्लोव्हमध्ये चेंडू टाकत होता. थप्.

"पॅनकेक गार होतायत."

"होऊ देत. आज सामना झाला की मॅनेजर सांगणार आहे. दोघांतला एकच कॅचर ठेवायचाय त्यांना."

"त्या पोराला चेंडू तरी धरता येतो का नीट?"

"धरायला कशाला यायला हवं? लांब मारतो की तो. बाकीचं कॅमेरा बघतो आता."

डेल चौतिशीचा, बेसबॉलमधला कॅचर, म्हणजे बॅट्समनच्या मागे बसून पिचरनं फेकलेला चेंडू धरणारा. बॅटनं त्यानं कधी फारसे दिवे लावले नव्हते. त्याचं घर चाललं ते मनगटावर. पिचरचा चेंडू बॅट्समनसमोरच्या त्या न दिसणाऱ्या चौकटीच्या बोटभर बाहेर आला, तरी तो अलगद असा आत घ्यायचा, की मागे उभ्या अंपायरचा हात स्ट्राइकसाठी, म्हणजे चेंडू चौकटीतूनच आला असं धरून, आपसूक वर जायचा. अकरा हिवाळे गॅरेजमध्ये त्यानं हे घोटलं होतं. यंत्र चेंडू फेकायचं, आणि कॉरीन, एक वर्ष तर आठव्या महिन्याचं पोट सांभाळत, अंपायरसारखी त्याच्या मागे वाकून उभी राहायची.

"हलला हात. दिसला मला."

मग पुन्हा. ती गप्प राहिली, की जमलं.

यंदा मात्र नवा नियम आला. निर्णय पटला नाही तर बॅट्समननं हेल्मेटवर टिचकी मारायची. मोठ्या पडद्यावर खरं काय ते दिसतं.

दुपारी शेवटचा डाव. डेलचा संघ एका धावेनं पुढे, समोरच्यांचा एक गडी बेसवर, आणि शेवटचा बॅट्समन बाद करून सामना जिंकायला फक्त एक स्ट्राइक हवी होती. चेंडू खाली, बाहेरच्या बाजूला आला. डेलचं मनगट कधी वळलं ते कॉरीनच्या डोळ्यांनाही दिसलं नाही. अंपायरचा हात वर गेला. अख्खं मैदान उठलं.

"डॅडी!" सहा वर्षांची जूनी बाकावर चढून किंचाळली.

बॅट्समननं शांतपणे हेल्मेटवर टिचकी मारली. पडद्यावर चेंडू आला आणि चौकटीच्या बोटभर बाहेर थांबला. लोक हसले.

"पकडला चोर!" मागच्या रांगेतला एकजण हॉट डॉग चावत म्हणाला. "यंत्रापुढे नाही चालत असली हातचलाखी."

"मग कॅचरच्या जागीही यंत्रच बसव," त्याच्या शेजारचा म्हातारा खेकसला. "आणि सामना बघायला तुझा टीव्ही पाठव. तू कशाला आलास?"

पुढचाच चेंडू त्या बॅट्समननं कुंपणापार मारला, समोरच्यांना दोन धावा मिळाल्या. तिथून सामना काही परत आला नाही.

खेळाडूंच्या दाराशी मायलेकी बराच वेळ थांबल्या. डेल सगळ्यांच्या शेवटी आला. खांद्यावरच्या बॅगेतून पायांची पॅडं डोकावत होती. हंगाम चालू असताना ती पॅडं कधी घरी येत नसत. कॉरीननं बॅगेचा एक पट्टा आपल्या हातात घेतला.

"पिझ्झा खायचा आज?" डेल म्हणाला.

"कुठला?"

"जूनी म्हणेल तो."

तो बॅग ठेवायला गाडीच्या मागच्या बाजूला गेला. जूनीनं आईची बाही ओढली.

"मम्मी, आधी सगळे डॅडीला टाळ्या वाजवायचे ना, तेव्हापण चेंडू बाहेरच असायचा?"

कॉरीननं मागे पाहिलं. डेल पॅडं आत बसवत होता. डिकीचं दार काही लागत नव्हतं.

"आणि गॅरेजमध्ये तू मागे उभी असायचीस," जूनी म्हणाली. "तुला माहीत होतं?"