धैर्याचा पट्टा

वरचा पट्टा

सकाळी नवा राष्ट्रध्वज चढला आणि जेवायच्या आधीच शेजारच्या देशाचा सेनापती शरणागती स्वीकारायला येऊन बसला.

"आम्ही कुठे शरण आलोय?" ध्वजखात्याच्या साहेबांनी विचारलं.

सेनापतीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. खांबावर पांढरंशुभ्र कापड फडफडत होतं. "बरं झालं, तुम्हीच मोठेपणा दाखवलात," तो म्हणाला. "सावकाश होऊ द्या. फक्त दिवस मावळायच्या आत देश ताब्यात द्या. घरी पाहुणे यायचेत."

साहेब धावत सुटले ते थेट रंगाऱ्याच्या दारात.

रंगारी खांबामागच्या सरकारी खोलीत राहायचा. आजोबा, वडील आणि आता तो. घरात काम एकच. वर्षभर फडकलेला झेंडा उतरवायचा, त्याच्याशी रंग जुळवून नवा करायचा, जुना जाळून टाकायचा. "नमुना असेल तसा रंग," वडील सांगायचे. "आपली अक्कल पाजळायची नाही." त्याने ती कधीच पाजळली नव्हती. उन्हाने जेवढा रंग उडवला, तेवढा तोही इमानेइतबारे उडवत आला होता.

"अरे, पांढराफटक झालाय तो!"

"पांढरा नाही, साहेब." रंगारी दुखावला. "तीन वेगवेगळे पांढरे आहेत. जवळून बघा."

"मुळात कोणते रंग होते?"

"शाळेत शिकवतात तेच. वरचा त्यागाचा, मधला समृद्धीचा, खालचा धैर्याचा."

"ते मलाही पाठ आहे! रंग कोणते?"

पुस्तकात रंग दिलेलेच नव्हते. मान वर केली की दिसतातच, मग शाई कशाला घालवा, असं कुणाला तरी वाटलं असावं.

"कुठलातरी रंग फास, बाबा," साहेब काकुळतीला आले. "नाहीतर संध्याकाळी देशही नाही, ही खोलीही नाही, आणि तू

मधला पट्टा

बायकोसकट रस्त्यावर."

नमुन्याशिवाय रंग? रंगाऱ्याने हात मागे बांधून घेतले, न जाणो आपणहून काही कालवायला लागायचे.

"बसा तसेच," बायको आतून म्हणाली. "अहो, सासूबाईंची गोधडी उसवा ना. पूर्वीचे झेंडे शिवताना उरलेली कातरणं घालूनच शिवलीय ती."

आई गेल्यापासून ती गोधडी पांघरल्याशिवाय रंगाऱ्याचा डोळा लागत नसे. त्याने ती मांडीवर घेतली, जरा वेळ थोपटली, आणि पहिला टाका दाताने तोडला. आत, ऊन कधी न पाहिलेले तुकडे निघाले. एक गडद निळा. एक पिवळाधमक. आणि एक वांगी.

"मिळाले!" साहेब नाचायचेच बाकी होते. "आणि हा वांगी तर काय! नुसतं बघून छाती फुगते. हाच धैर्याचा!"

बायकोने रंगाऱ्याला कोपऱ्यात ओढलं. "अहो, तो सासूबाईंच्या परकराचा तुकडा आहे."

"ओळखला मी."

"त्या पाल दिसली की स्टुलावर चढायच्या!"

रंगाऱ्याने तुकडा उजेडात धरला. मग म्हणाला, "गप्प बस. आता तो नमुना आहे."

खालचा पट्टा

दिवस मावळायच्या बेतात झेंडा चढला. सेनापतीने निमूटपणे सलाम ठोकला. "खालचा रंग जरा दरडावतोच," तो पुटपुटला आणि रिकाम्या हातांनी घरी गेला.

पोरं शाळेत घोकायला लागली: वांगी रंग धैर्याचा. वारा सुटला की बायको तोंडावर पदर घेऊन हसायची. रंगारी मात्र रोज खांबाखाली ताठ उभा राहायचा, आणि झोपताना गोधडीचं भोक पायांकडे घ्यायचा.

दोरी

वर्ष सरलं. झेंडा खाली आला. उन्हाने आपला वाटा खाल्ला होता. रंगाऱ्याने तो मांडीवर पसरला आणि घंगाळात रंग कालवायला घेतला.

"अहो, ते तुकडे आहेत की ट्रंकेत," बायको म्हणाली. "त्यांच्यावरून करा."

"तो मागचा नमुना."

"अहो, पण पुन्हा पांढरा होईल ना!"

"आपल्या हयातीत नाही होत," रंगारी म्हणाला, आणि घंगाळात आणखी एक तांब्या पाणी ओतलं.