बटण उलटं करायचं राहिलं

आठवीपर्यंत मी वर्गात 'हजर' सोडून एक शब्द बोलले नव्हते. नववीत बाईंनी मला धरून वक्तृत्व स्पर्धेत ढकललं. माझा चक्क दुसरा नंबर आला आणि तेव्हापासून मी थांबलेच नाही. आई म्हणते, "हिचा नळ कुणीतरी बंद करा रे!" तर अशा मला गोल्फच्या सामन्यात आकड्यांची पाटी धरायचं काम मिळालं, आणि पाटीच्या कामाची पहिली अट म्हणजे गप्प बसणं.

आमच्या डोंगरावर गोल्फचं मैदान आहे. पाहुणे लांबून येतात, आधी फोटो काढतात, मग खेळतात. खाली दरी, समोर बर्फाची शिखरं, पाइनची झाडं, आणि त्यांच्यामधून चढत-उतरत गेलेले अठरा होल. पाहुण्यांना ते चित्र दिसतं. माझ्या बाबाच्या गुडघ्याला मात्र नुसते चढ आणि उतार दिसतात. बाबा बावीस वर्षं तिथे कॅडी आहे. पाहुण्यांच्या बॅगा वाहायच्या, कुठली काठी घ्या ते सांगायचं, चेंडू कुठे वळेल ते सांगायचं. या शेवटच्या गोष्टीत त्याचा हात धरणारं कुणी नाही. डोळ्यांना वाटतं चेंडू इकडे जाणार, पण आमच्याकडे तो नेहमी दरीकडे ओढला जातो. किती, ते बाबा बोटांवर सांगतो. "दोन बोटं दरीकडे, साहेब." साहेब हसतात, मनासारखं मारतात, चुकतात, आणि मग पुढच्या होलला निमूटपणे विचारतात, "किती बोटं?"

पण बोटं शाबूत असली तरी गुडघा गेला. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हा हंगाम शेवटचा. पुढच्या वेळी बॅग उचललीत तर माझ्याकडे येऊ नका, सुताराकडे जा."

त्याच महिन्यात क्लबने सरावाच्या पट्टीवर शिकवायला एक माणूस घ्यायचं ठरवलं. सपाट जागा, वर छप्पर, बसायला खुर्ची! आणि घ्यायचं कुणाला? कॅडींचा वर्षातून एकदा सामना होतो, त्यात जो जिंकेल त्याला. ती खुर्ची मिळाली तर आम्ही डोंगरावर राहणार. नाही मिळाली तर खाली मामाच्या गोदामात बाबा दारावर बसणार, आणि माझी शाळा, मैत्रिणी, बाई, सगळं वर राहणार. आईने रिकामी खोकी आधीच पलंगाखाली सरकवून ठेवली होती. विचारलं तर म्हणाली, "स्वस्तात मिळाली म्हणून आणली."

सामन्याच्या सकाळी कॅडीमास्तरांनी आम्हा पाटीवाल्यांना रांगेत उभं केलं. प्रत्येक जोडीबरोबर एक पाटीवाला चालतो, खांद्यावर लांब दांडा, वर दोघांच्या फटक्यांचे आकडे. कमी फटक्यांत अठरा होल संपवेल तो जिंकतो.

"पाटीवाल्याला तोंड नसतं," मास्तर म्हणाले. "काहीही दिसो, खेळाडूला एक अक्षर सांगायचं नाही. सांगितलंत की तो सल्ला झाला, आणि त्याच्या नावावर दोन फटके चढले. कळलं का गं, वक्तृत्ववाली?"

"कळलं सर, पण समजा साप दिसला तर..."

"बघा! सुरू झाली."

सगळे हसले. मीही हसले. नंतर त्या दिवशी मी फारशी हसले नाही.

शेवटच्या जोडीत बाबा आणि जिराफ होते. जिराफ म्हणजे बाबानेच तयार केलेला कॅडी. उंच, लुकडा, सव्वीस वर्षांचा, बाबाला दादा म्हणतो आणि मला 'आकाशवाणी'. वाईट असता तर किती सोपं झालं असतं! पण दुसऱ्याच होलला त्याने बाबाची काठी न सांगता उचलून आणली, सातव्याला आपल्या थर्मासमधला चहा आधी बाबाला दिला, आणि बाराव्याच्या चढावर मुद्दाम बुटाची नाडी सोडून परत बांधत बसला, बाबाला दम घेता यावा म्हणून. मी पाहिलं, दोनदा बांधली त्याने ती. मी दांडा घट्ट धरून मनातल्या मनात म्हणत होते, अरे हरामखोरा, थोडं तरी वाईट वाग.

सतरा होल झाले तेव्हा बाबा एका फटक्याने पुढे होता. अठराव्याला दोघेही तीन-तीन फटक्यांत ग्रीनवर आले. ग्रीन म्हणजे होलभोवतीचं ते दाढी केलेल्या हनुवटीसारखं गुळगुळीत कापलेलं गवत. धुकं नुकतंच वर सरकलं होतं, कडेला तीसेक माणसं, क्लबच्या पंचबाई छत्रीखाली खुर्चीवर. बाबा होलपासून आठ पावलांवर, जिराफ त्याच्या मागे बराच लांब. लांबचा आधी मारतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ग्रीनवर आपला चेंडू उचलायचा असेल तर त्या जागी खूण ठेवतात. लोक नाणं ठेवतात, बाबा बटण ठेवतो. माझ्या बालवाडीच्या कोटाचं, पांढरं. एका बाजूने चकचकीत, दुसऱ्या बाजूने खरखरीत. ती खूण दुसऱ्याच्या वाटेत आली तर तिला पटरच्या पात्याएवढं बाजूला सरकवतात. पटर म्हणजे ग्रीनवर चेंडू ढकलायची काठी. आणि आपली पाळी आली की आधी खूण परत जागेवर आणायची, मग चेंडू ठेवायचा, नाहीतर चुकीच्या जागेवरून खेळल्याचे दोन फटके चढतात. लोक विसरतात. बाबा विसरत नाही, कारण बटण सरकवलं की तो ते उलटं करून ठेवतो. खरखरीत बाजू वर दिसली की आठवतं.

"दादा, बटण माझ्या वाटेत येतंय," जिराफ म्हणाला. "सरकवता का जरा?"

बाबा वाकायला गेला. गुडघ्यातून असा आवाज आला की पाटीखाली मलाही ऐकू आला.

"राहू दे, राहू दे दादा, मी करतो. सरकवू ना?"

"सरकव रे," बाबा म्हणाला आणि मांडी धरून सरळ झाला.

जिराफने पात्याच्या मापाने बटण डावीकडे सरकवलं. उलटं केलं नाही. त्याला काय माहीत! त्याने चेंडू मारला, तो होलच्या काठावरून निसटला. "शी!" म्हणून त्याने डोक्याला हात लावला, पुढे जाऊन चेंडू आत ढकलला आणि तोंड पाडून बाजूला उभा राहिला. पाच फटके. आता बाबाने दोन फटक्यांत चेंडू आत घातला की खुर्ची आमची.

बाबा बटणापाशी आला. चकचकीत बाजू वर होती. त्याने हळूच खाली बसून तिथेच चेंडू ठेवला आणि बटण उचललं.

मी जिराफकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता. पंचबाई चष्मा पुसत होत्या. कुणीच, कुणीच बघितलं नव्हतं? बाबा चेंडूमागे उभा राहून दरीकडे बोटं मोजत होता. दोन शब्दांचं वाक्य होतं माझ्याकडे. बाबा, बटण! झालं. शाळेच्या सभागृहात चारशे पोरांपुढे मी सात मिनिटं बोलले होते, एकदाही न अडखळता. माझं तोंड उघडलंही. पण आत मास्तरांचा आवाज बसला होता, एक अक्षर आणि दोन फटके. बोलले तरी बाबा बुडणार, नाही बोलले तरी. मग बाबाने पटर मागे नेला.

चेंडू होलच्या डावीकडून गेला आणि थांबला. बाबाने पुढे होऊन तो आत टाकला. पाच. टाळ्या! मी पाटीवर पाच लावला. बाबा एका फटक्याने जिंकला होता.

जिराफ खरंच मनापासून हात पुढे करत आला. "दादा, मानलं!"

बाबाने हात घेतला नाही. तो चेंडू थांबला होता त्या जागेकडे बघत होता. तिथून होलपर्यंत त्याने पटरचं पातं आडवं धरलं. बरोबर एक पातं.

"मी एवढा चुकत नाही," तो पुटपुटला. मग खिशातून बटण काढून तळहातावर बघत राहिला. "तू उलटं केलं नव्हतंस, नाही का?"

"काय उलटं?" जिराफ म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा पडला. "दादा... अहो, ते मीच... बाई! बटण मी सरकवलं होतं! चूक माझी आहे, माझ्या नावावर घ्या!"

पंचबाई आल्या, सगळं ऐकून घेतलं. "सांगितलं नसतंत तर कळलंही नसतं," त्या म्हणाल्या. "पण आता सांगितलंत. चेंडू तुमचा, जबाबदारी तुमची. चुकीच्या जागेवरून खेळलात, दोन फटके." मग चुकचुकत म्हणाल्या, "एवढी माणसं उभी होती. कुणी नुसतं 'बटण' म्हणालं असतं तरी चाललं असतं. ती आठवण असते, सल्ला नाही."

चाललं असतं.

मग मला पाच काढून सात लावावा लागला, आणि जिराफ एका फटक्याने जिंकला. सातचा आकडा खोबणीत बसेचना. जिराफ मदतीला आला, मी त्याचा हात झटकला, आणि मग त्यानेच तो बसवला, कारण माझ्याकडून तो बसतच नव्हता.

घर मैदानाच्या खाली, एकशे बारा पायऱ्यांवर. बाबा दहा-दहा पायऱ्यांना थांबत होता. चाळिसाव्या पायरीवर मी सांगून टाकलं.

"बाबा, मी पाहिलं होतं. बटण. मारायच्या आधी."

तो कठड्याला टेकला. "हो? तरीच तुझं तोंड उघडं दिसलं. मला वाटलं, जांभई देतेय पोरगी. पहाटेची उठली होतीस ना."

"मास्तर म्हणाले होते, एक अक्षर..."

"माहितीये मास्तर काय म्हणतात. मलाही बावीस वर्षं 'गप्प बस' म्हणतात." तो हसायला लागला आणि मग हसू मध्येच थांबलं. त्याने गुडघ्यावर हात ठेवला. "चल. अजून बहात्तर आहेत."

"माझ्या खांद्यावर हात ठेव ना."

"पाटी वाहिलीस दिवसभर, आता मला वाहतेस का?" म्हणाला, पण ठेवला. जड होता. एवढा जड असेल असं मला वाटलं नव्हतं.

आई खिडकीतच होती. आम्हाला बघून ती दारात आली, हात पदराला पुसत, आणि चेहऱ्यावर असं काही की मी खाली पायऱ्यांकडे बघितलं.

"काय झालं? बोला की कुणीतरी!"

बाबाने बटण माझ्या हातात ठेवलं. "तू सांग," तो हळूच म्हणाला. "तुला छान बोलता येतं."

मी तोंड उघडलं.

"अगं, जांभया काय देतेस," आई म्हणाली, "सांग ना!"