पाय ओळखणारा पट्टा

"महाराज, मी चाललीच नाही, तर दिवा लागंल काय?"

सोनिया नि पिंकी या मैत्रिणींनी 'विचारून दाखव' म्हणून डिवचलेला प्रश्न अनुश्रीनं भर मांडवात फेकला, आणि चौबे कॉलोनीचं मैदान तिच्यावर खवळलं.

"खाली बस, पोट्टी!"

"कोनाची आहे रे ही?"

मंचावर चरणमहाराजांचा चमत्कार रंगात आला होता. भक्ताच्या मांडीला तांब्याचा पट्टा, त्यावर दोन दिवे. टाच टेकली की लाल, पाऊल उचललं की हिरवा! "शक्ती नाभीतून निघते, घुटन्यात अटकते, पट्ट्यात चमकते!" महाराज गर्जत होते. शेजारी त्यांचा चेला भैय्यालाल ढोलक बडवत होता.

अनुश्रीचे पप्पा, नीलकंठराव, अर्धांगवायूनंतर डावा पाय ओढत चालायचे. महाराजांच्या शब्दाखातर पंधरा दिवस व्यायाम बंद होता. आज ते काठीही सोडणार होते.

व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडेही चाल ओळखणारं यंत्र होतं. पोटरीवर चिकटपट्ट्या लावायच्या. स्नायू आवळला की विजेची बारीक लहर उठते, आणि त्यावरून संगणक तिथल्या तिथं सांगतो, टाच टेकली की पाऊल हवेत आहे. पप्पा बसले की पडद्यावरची रेघ गप्प. हे अनुश्रीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आओ बेटी, बांधो पट्टा," महाराज गोड हसले. "पापी के पैर में दिया नहीं जलता."

मंचावर चढून, पट्टा बांधून ती चक्क महाराजांच्या खुर्चीत बसली आणि दोन्ही पाय वर घेतले. लाल, हिरवा. लाल, हिरवा.

"बसल्या-बसल्या पार अभनपुर गावाला पोचून राहिली मी!"

मांडवात खसखस पिकली. भैय्यालालचा हात थबकला. दिवे मात्र लुकलुकतच राहिले. अनुश्रीनं पट्टा उलटा केला. आत सेल, आणि खेळण्यातल्या दिव्यांसारखी एक चकती. दिवे आपल्या चालीनं लागत, भैय्यालाल त्यांच्याकडे पाहून ठेका धरी, आणि भाबडी माणसं ठेक्यावर पावलं टाकत! पाय ओळखणारं यंत्र पाय थांबल्यावर थांबायलाच हवं. एवढं तपासून पाहायला ना दीक्षा लागते, ना कुणाची परवानगी.

"मशीन बिगाड़ दी लड़की ने!" मागून कुणीतरी तरीही ओरडलं. महाराज केव्हाच मंचामागे पसार झाले होते.

आई, कमला, रागानं लाल झाली. "चार लोकांत शोभा केली! काहून आली तू मंचावर?"

"पप्पांसाठी आली," अनुश्री म्हणाली. "मम्मी, घरी जाऊन हवं तेवढं बोल मले. पण पप्पा, उद्यापासून शाळेआधी तुम्हाले व्यायामाला मी नेणार आहो. रोज. मी ठरवलं आहे."